अपडेटनंतरच्या तक्रारी मोजायच्या कशा?

पीएचडीला किंवा एम.टेक.च्या प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांपैकी निम्मे तरी जण मला एकच विषय सांगतात: ‘अ‍ॅपचे रिव्ह्यू डाउनलोड करायचे, सेंटिमेंट काढायचं आणि कोणतं अपडेट लोकांना आवडलं ते सांगायचं.’ विषय वाईट नाहीये. डेटा लाखांनी पडलेला असतो, फुकट मिळतो, कोड लिहायला चार दिवस लागतात. पण यात एक प्रश्न दडलेला असतो आणि प्रपोजलमध्ये तो क्वचितच दिसतो. रिव्ह्यूंचा हा ढीग नेमकं काय मोजतो? लोकांचं मत, लोकांचा त्रास, की बोलायची ज्यांना सवय आहे त्यांची संख्या?

हे समजून घ्यायला एक खरं उदाहरण घेऊ. मला वाटतं, फीडबॅक या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण एकदा नीट वाचावं. २ ऑक्टोबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं ऑक्टोबर अपडेट, म्हणजे आवृत्ती १८०९, लोकांसाठी खुलं केलं. चारच दिवसांनी, ६ ऑक्टोबरला, ते थांबवावं लागलं. कारण काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमधल्या फाइल्स अपडेटनंतर गायब झाल्या होत्या. रिसायकल बिनमध्येही नाहीत. कोणाचे फोटो, कोणाची कामाची कागदपत्रं. बॅकअप असेल तर ठीक, नसेल तर गेलं.

आता कोणीही म्हणेल की कंपनीने टेस्टिंगच केलं नसेल. पण तसं नव्हतं. २०१४ च्या सप्टेंबरपासून मायक्रोसॉफ्टचा ‘विंडोज इनसायडर’ कार्यक्रम चालू होता. ज्यांना नवी आवृत्ती आधी वापरून बघायची हौस आहे त्यांनी नाव नोंदवायचं, प्रत्येक बिल्डबरोबर ‘यात नवीन काय’ हे जाहीर व्हायचं, आणि अडचण आली तर ‘फीडबॅक हब’ नावाच्या अ‍ॅपमध्ये लिहायचं. दुसऱ्याची तक्रार पटली तर तिला मत द्यायचं. म्हणजे बदल जाहीर करणं आणि प्रतिसाद गोळा करणं या दोन्ही गोष्टींची व्यवस्था होती, आणि मोठी होती. फाइल्स गायब झाल्याच्या तक्रारीसुद्धा रिलीजच्या आधीच फीडबॅक हबमध्ये आलेल्या होत्या. फक्त त्यांना मतं फार थोडी होती. ढिगात त्या खाली राहिल्या.

बग कुठून आला, ते याहून रंजक आहे. विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स या फोल्डरांची जागा बदलता येते. सी ड्राइव्ह भरत आला की अनेक जण त्यांना डी ड्राइव्हवर नेतात. २०१८ च्या एप्रिल अपडेटनंतर अशा काही लोकांनी तक्रार केली की जुन्या जागी त्याच नावाचा एक रिकामा, जास्तीचा फोल्डर दिसतो, उगाच पसारा होतो. तक्रार रास्त होती. कंपनीने ऐकली. पुढच्या अपडेटमध्ये जुन्या जागेवरचे असे जास्तीचे रिकामे फोल्डर काढून टाकणारा कोड घातला. तो कोड आणि अपडेटच्या क्रमात झालेला दुसरा एक बदल असे दोन्ही मिळून काय झालं, तर जुन्या जागेवरचा फोल्डर आतल्या मालासकट उडाला. नवीन जागेवरच्या फाइल्स सुरक्षित होत्या. पण ज्यांनी फोल्डरची जागा बदलली आणि जुन्या फाइल्स मात्र जुन्याच ठिकाणी राहू दिल्या, त्यांच्या त्या फाइल्स गेल्या. घर बदलल्यावर जुन्या घरातलं कपाट रिकामंच असणार असं धरून ते भंगारवाल्याला द्यावं, आणि खालच्या खणात सातबारा राहिलेला असावा, तसं.

इथे थोडं थांबू. हा बग फीडबॅक न ऐकल्याने जन्माला आलेला नाही, ऐकल्यामुळे आलेला आहे. मग चुकलं कुठे? ज्यांचा जुना फोल्डर रिकामा होता त्यांना तो खटकला, म्हणून ते बोलले. ज्यांच्या जुन्या फोल्डरमध्ये फाइल्स होत्या त्यांना खटकण्यासारखं काही नव्हतंच. आपल्याच फाइल्स आपल्याच जागी आहेत, तक्रार कशाची करणार? म्हणजे या बदलाचा सगळ्यात मोठा फटका ज्यांना बसणार होता, तो गट तक्रारींच्या डेटात शून्य होता. तुम्ही कितीही चांगलं मॉडेल त्या तक्रारींवर चालवा, हा गट सापडणार नाही. डेटात जे नाहीच ते अल्गोरिदमला कुठून दिसणार? आपल्या क्षेत्रात याला निवडीचा पूर्वग्रह, सिलेक्शन बायस म्हणतात. पाठ्यपुस्तकात तो शब्द वाचून पुढे जातो आपण, पण इथे त्याची किंमत माणसांच्या फोटोंमध्ये मोजली गेली.

आता मतांकडे येऊ. ‘जास्त मतं म्हणजे जास्त महत्त्वाचं’ हे गणित इतकं नैसर्गिक वाटतं की आपण ते तपासतच नाही. एखादं बटण डावीकडून उजवीकडे गेलं तर ते प्रत्येकाला दिसतं, प्रत्येक जण मत देऊ शकतो. फाइल्स उडणं ज्याच्याबाबत घडतं त्यालाच दिसतं. म्हणजे मतांची संख्या ही ‘किती जणांना दिसलं’ याच्याशी बांधलेली असते, ‘जो सापडला त्याचं किती नुकसान झालं’ याच्याशी नाही. नुकसानाचा अंदाज करायचा तर दोन्हींचा गुणाकार हवा, आणि त्यातला दुसरा आकडा फीडबॅक हबमध्ये विचारलाच जात नव्हता.

शिवाय एकच त्रास लोक दहा प्रकारे सांगतात. एक लिहील ‘डॉक्युमेंट्स रिकामं दिसतंय’, दुसरा ‘अपडेटने माझे फोटो खाल्ले’, तिसरा ‘डिस्कवर अचानक जागा मोकळी झाली’. तिघांच्या तीन नोंदी, प्रत्येकीला दोन-दोन मतं. एकत्र केल्या असत्या तर वर आल्या असत्या. एकसारख्या तक्रारी ओळखून एका खाली आणणं हा बग रिपोर्टच्या संशोधनातला जुना आणि अजून न संपलेला विषय आहे. पीएचडीचा एक चॅप्टर यात सहज निघतो.

मतांची अजून एक गंमत आहे. यादी मतांच्या क्रमाने दाखवली की वरची तक्रार जास्त लोक वाचतात, म्हणून तिला अजून मतं मिळतात. यावर सॉफ्टवेअरच्या बाहेरचा एक प्रयोग बघण्यासारखा आहे. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये तो छापला. सुमारे १४,००० लोकांना ४८ अनोळखी गाणी ऐकवली. काहींना इतरांनी काय डाउनलोड केलं ते दाखवलं नाही. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगांत’ वाटलं, आणि प्रत्येकाला आपापल्या जगातले डाउनलोडचे आकडे दिसत होते. आकडे दिसणाऱ्या जगांत लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली, आणि कोणतं गाणं वर जाणार हे जगागणिक बदललं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट वर आली नाहीत, पण मधलं सगळं बरंचसं नशिबावर. तक्रारींच्या यादीतही हेच होत असेल असं मी म्हणणार नाही, तक्रार म्हणजे गाणं नव्हे. पण मतं दिसत असताना गोळा केलेली मतं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, एवढं तरी धरून चालावं लागतं. आणि ज्या स्टॅटिस्टिकल टेस्टा आपण सर्रास लावतो, त्यातल्या बहुतेकांना स्वातंत्र्य हीच पहिली अट असते.

आता आकड्यांचा प्रश्न. अपडेट थांबवल्यावर मायक्रोसॉफ्टने सांगितलं की फाइल्स गेल्याच्या रिपोर्टचं प्रमाण एका टक्क्याच्या शंभराव्या भागाइतकं, म्हणजे १०,००० इन्स्टॉलमागे १ आहे. हे वाक्य वाचताना आपल्या लोकांनी दोन ठिकाणी अडखळायला हवं. पहिलं, हे प्रमाण रिपोर्टचं आहे, घटनेचं नाही. ज्याच्या फाइल्स गेल्या आणि ज्याने कळवलं नाही, किंवा ज्याला अजून पत्ताच नाही, तो वरच्या आकड्यात नाही. दुसरं, छेदात कोण आहे ते बघा. पहिल्या दिवसांत हे अपडेट, ज्यांनी स्वतःहून ‘चेक फॉर अपडेट्स’वर क्लिक केलं त्यांनाच मिळत होतं. सगळ्यांना आपोआप द्यायचं काम पुढे सुरू व्हायचं होतं. स्वतःहून अपडेट शोधणारा माणूस आणि अपडेट कधी झालं हे ज्याला कळतही नाही असा माणूस, या दोघांच्या कॉम्प्युटरवरचे फोल्डर सारखे असतील का? अंशही तिरका, छेदही तिरका. असल्या भागाकारावरून पूर्ण लोकसंख्येबद्दल बोलायचं तर फार जपून.

बरं, १०,०००मध्ये १ हा आकडा जसाच्या तसा खरा धरू. किती टेस्टर असले तर निदान एकदा तरी ही घटना दिसण्याची शक्यता ९५ टक्के होईल? घटना न दिसण्याची शक्यता ०.९९९९ चा n वा घात. ती ०.०५च्या खाली आणायची, तर n येतो जवळपास ३०,०००. (ढोबळ नियम लक्षात ठेवा: ३ ला प्रमाणाने भागा.) म्हणजे १० जणांच्या टीमने महिनाभर टेस्ट केलं तरी हा बग दिसला नसता, आणि त्यात टीमचा दोषही नसता. मोठ्या इनसायडर गटाचा उपयोग तो हाच. पण तिथेही एक मेख आहे. कच्ची आवृत्ती माणूस आपल्या मुख्य कॉम्प्युटरवर टाकायला बिचकतो. ती जाते जुन्या लॅपटॉपवर नाहीतर व्हर्च्युअल मशीनवर, जिथे दहा वर्षांचे साठलेले फोटो नसतात. मग ३०,००० हा आकडा कागदावरच राहतो. याशिवाय, नेहमी शेवटी ‘रिलीज प्रिव्ह्यू’ नावाचा एक टप्पा असतो, त्यात जवळपास तयार झालेली आवृत्ती थोड्या सावध लोकांकडे जाते. १८०९च्या वेळी तो टप्पा वगळला गेला होता.

पुढे काय झालं ते थोडक्यात. ९ ऑक्टोबरला दुरुस्त आवृत्ती आधी इनसायडर्सना दिली, आणि १३ नोव्हेंबरला अपडेट पुन्हा सगळ्यांसाठी सुरू झालं. फीडबॅक हबमध्ये त्रास किती गंभीर आहे हे सांगायची सोय घातली गेली. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने जाहीर केलं की पुढचं अपडेट रिलीज प्रिव्ह्यूमध्ये जास्त काळ राहील, आणि संख्येने थोड्या पण गंभीर अशा तक्रारी लवकर पकडायला मशीन लर्निंग वापरलं जाईल.

हे शेवटचं वाचून अनेकांचे डोळे चमकतील. चमकू देत, पण त्याआधी एक हिशेब करा. समजा १,००,००० तक्रारी आहेत आणि त्यातल्या २० खरोखर धोक्याच्या. आकडे माझे, हिशेबापुरते. सगळ्यांना ‘धोका नाही’ म्हणणारं मॉडेल ९९.९८ टक्के अचूक ठरतं, आणि उपयोग शून्य. आता खरंच चांगलं मॉडेल घ्या: धोक्याच्या तक्रारींपैकी ९५ टक्के पकडतं आणि बिनधोक्याच्यांपैकी ९५ टक्के बरोबर सोडतं. ते २० पैकी १९ पकडेल, छान. पण उरलेल्या ९९,९८० पैकी ५ टक्के, म्हणजे ४,९९९ तक्रारींनाही ‘धोका’ म्हणेल. एकूण ५,०१८ तक्रारी माणसाच्या टेबलावर, त्यात खऱ्या १९. दर २६४मागे एक. तिसऱ्या दिवशी तो माणूस कंटाळून वाचणं बंद करेल. म्हणून अशा प्रश्नात अ‍ॅक्युरसी लिहूच नका. ‘वरच्या १०० तक्रारी वाचल्या तर धोक्याच्या किती सापडतात’ असं काहीतरी मोजा, कारण वाचणाऱ्याचा वेळ हीच इथली खरी मर्यादा आहे. सारख्या तक्रारी आधी एकत्र केल्या तर हाच आकडा किती सुधारतो, हा छान प्रयोग होईल.

रिव्ह्यूंवर आधीचं काम काय सांगतं? डेनिस पगानो आणि वालिद मालेज यांनी २०१३ मध्ये अ‍ॅपलच्या स्टोअरवरचे दहा लाखांहून जास्त रिव्ह्यू तपासले. बहुतेक प्रतिसाद नवीन आवृत्ती आल्यावर लगेच येतो आणि मग वेगाने ओसरतो, असं त्यांना दिसलं. २०१४ च्या ‘एआर-मायनर’ या कामात चार अँड्रॉइड अ‍ॅप्सच्या रिव्ह्यूंपैकी सरासरी ३५ टक्क्यांच्या आसपासच डेव्हलपरच्या थेट कामाचे निघाले. बाकी ‘मस्त’, ‘बेकार’, ‘पाच स्टार’ वगैरे. पहिल्या निष्कर्षाचा तुमच्या कामावर थेट परिणाम होतो. अपडेटनंतरच्या आठवड्यात तक्रारी वाढल्या म्हणून अपडेट वाईट होतं असं म्हणता येत नाही. चांगल्या अपडेटनंतरही बोलणं वाढतंच. तुलना करायची तर आधीच्या अपडेटनंतरच्या पहिल्या आठवड्याशी करा, आदल्या शांत आठवड्याशी नको.

स्टारच्या सरासरीबद्दल तर मी फारच साशंक आहे. अ‍ॅपल डेव्हलपरला नवीन आवृत्तीबरोबर आधीचं सरासरी रेटिंग पुसून नव्याने सुरू करायची मुभा देतं. अ‍ॅपमधून रिव्ह्यू मागणारी खिडकी कधी उघडायची हेही डेव्हलपर ठरवतो. गेम जिंकल्यावर विचारलं तर काय उत्तर येणार? पूर्वी अनेक अ‍ॅप आधी ‘आवडलं का?’ विचारत, ‘हो’ म्हणणाऱ्याला स्टोअरवर पाठवत आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला ईमेलचा फॉर्म देत. गूगलच्या नियमांत रेटिंग मागण्याआधी असा प्रश्न विचारायला आता मनाई आहे. पण जुन्या डेटासेटमध्ये हे सगळं मुरलेलं आहे, आणि डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये त्याचा कॉलम नसतो.

जाहीर कसं केलं, यावर मात्र मला हवं तेवढं काम दिसत नाही. ‘काही बग दुरुस्त केले, वेग सुधारला’ एवढीच ओळ लिहून अपडेट सोडतात, ते आपण रोज बघतो. माझा अंदाज असा की बदल नाव घेऊन सांगितला तर तक्रारही नाव घेऊन येते: ‘नवीन सर्च चालत नाही’. सांगितलाच नाही तर ‘अ‍ॅप बिघडलं’ एवढंच येतं, आणि मग डेव्हलपर महिनाभर अंधारात. हा अंदाजच आहे, पण तपासता येण्यासारखा आहे. एकच अपडेट, दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले, दोन वेगळ्या घोषणा, आणि मग तक्रारीत बदललेल्या भागाचा उल्लेख किती वेळा येतो ते मोजायचं. एखादं छोटं अ‍ॅप चालवणारा मित्र असेल तर परवानगी घेऊन करता येईल, एथिक्स कमिटीचा अर्ज मात्र आधी.

टप्प्याटप्प्याने वाटलेलं अपडेट हाही प्रयोगाचा आयता मांडव वाटतो. अ‍ॅपलच्या पद्धतीत सात दिवसांत १, २, ५, १०, २०, ५० आणि १०० टक्के असं आपोआप अपडेट पोहोचतं. पण त्याच काळात कोणीही स्टोअरवर जाऊन ते हाताने घेऊ शकतो. म्हणजे पहिल्या दिवशी ज्यांच्याकडे अपडेट आहे त्यांत काही चिठ्ठीने आलेले आणि काही हौसेने आलेले. दोघांना वेगळं करता येत नसेल, तर ‘नॅचरल एक्सपेरिमेंट’ हा शब्द प्रपोजलमधून काढा. परीक्षक तिथेच धरतात.

आपल्याकडचा एक कोपराही रिकामा आहे. मराठी माणूस रिव्ह्यू लिहितो तेव्हा ‘अपडेट केल्यापासून अ‍ॅप ओपनच होत नाहीये, काहीतरी करा राव’ असं लिहितो, कधी देवनागरीत, बहुतेकदा रोमन लिपीत, स्पेलिंग ज्याचं त्याचं. अशी तक्रार इंग्रजीवर शिकलेल्या मॉडेलकडे गेली तर ती गंभीर आहे की नाही हे कळायच्या आधीच ‘इतर भाषा’ म्हणून बाजूला पडू शकते. पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटाने मराठी ट्वीटचा सेंटिमेंट डेटासेट आणि मराठी-इंग्रजी मिश्र मजकुरावरची मॉडेल्स खुली केलेली आहेत, तिथून सुरुवात करता येते. पण सेंटिमेंट म्हणजे गांभीर्य नव्हे, हे विसरू नका. ‘थर्ड क्लास, फालतू अ‍ॅप’ यात राग भरपूर आणि माहिती शून्य. ‘पैसे कट झाले, तिकीट आलं नाही, चेक करा प्लीज’ यात राग दिसत नाही, पण आधी वाचायला हवी ती हीच. या दोन गोष्टी वेगळ्या करणारा, माणसांनी लेबल केलेला हजार-दोन हजार रिव्ह्यूंचा मराठी डेटासेट कोणी तयार केला तर मला जरूर कळवा. लेबल लावताना निदान दोघांनी स्वतंत्रपणे लावा आणि त्यांचं किती जमलं तो कापा आकडाही द्या. ‘गंभीर’ म्हणजे काय, यावर दोन माणसांचं पटेपर्यंतच तुमचा पहिला महिना जाईल.